चार इंचांची डिस्क, चार इंचांचा पाइप: घरी बनवलेल्या हार्ड डिस्क केसिंगचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक दुमजली घर. खाली सहा यंत्रमाग, वर दोन खोल्या, आणि त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत संगणक. घरात तेलुगू, मागावर तेलुगू-मराठी-कन्नडची मिसळ, गिऱ्हाइकाशी मराठी. मालक पन्नाशी ओलांडलेले. चादरी आणि टॉवेलांसाठी जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाइनं करून देणं हा त्यांचा मूळ धंदा, माग नंतर आले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून इथंही मामाच. दुसरं पात्र त्यांचा भाचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिसरा मी. संगणक दुरुस्तीत वीस वर्षं गेलेली, त्यामुळे असल्या घरांतून बोलावणं येतंच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मामांनी धंदा शिकला तो ग्राफ पेपरवर. एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि पत्ते दोरीनं ओवून माळ करायची. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं. पेनड्राइव्हवर फाइल टाकून दिली की झालं. जुन्या माळा मात्र अजून माळ्यावर पडून आहेत. उंदरांनी कुरतडल्या तरी कुठलं भोक गेलं ते डोळ्यांना दिसतं, हे मामांचं आवडतं वाक्य. या प्रकरणात ते मला निदान दहा वेळा ऐकावं लागलं.

चौदा वर्षांचं काम एका ३ टीबीच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कवर होतं. डिस्क एका तयार प्लास्टिकच्या केसिंगमध्ये, केसिंग संगणकाच्या मागे भिंतीला चिकटून, यूएसबी २.० ची वायर आणि स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर. दुसरी प्रत नव्हती. मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "हाय की, त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात."

## अडचण

मे महिना. सोलापुरात या दिवसांत पारा ४२-४३ वर जाणं नवलाचं नाही, आणि वरच्या खोलीवर पत्रा. मोठी कॉपी चालू असताना डिस्क अधूनमधून गायब व्हायची. वायर काढून लावली की परत दिसायची. पुढेपुढे सुरूच होईना. टक्-टक् आवाज, दिवा लागतो, फिरण्याचा आवाज चढतो आणि मध्येच बसतो.

भाच्यानं केलं ते नव्वद टक्के लोक करतात. केसिंग उघडलं, डिस्क बाहेर काढली आणि संगणकाच्या आत डिस्क जोडायची जी साटा वायर असते तिला थेट जोडली. डिस्क मजेत फिरली, पण विंडोजनं सांगितलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. माझा फोन वाजला तो त्याच क्षणी.

"सर, डिस्क फिरालीय, पण फॉरमॅट मागालीय. मारू का?"

मारू नको म्हणालो. बाकी काहीही कर, पण ते बटण दाबू नको. या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोलाचा निर्णय हा, आणि तो फोनवर अर्ध्या मिनिटात झाला.

डिस्क चांगली असून विंडोजला ती कोरी का वाटली, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. केसिंगच्या आत एक छोटा बोर्ड असतो. साटाची भाषा यूएसबीत करणारा तो दुभाष्या, त्याला ब्रिज बोर्ड म्हणतात. डिस्कवरची जागा सेक्टरांत मोजली जाते आणि जुन्या पद्धतीत एक सेक्टर ५१२ बाइटचा. डिस्कचे भाग पाडून त्यांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पार्टिशन पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे २.२ टीबीच्या पुढची जागा हाताशी येतच नाही. यावर त्या काळच्या काही केसिंगांनी तोडगा काढला. डिस्क ५१२ म्हणाली तरी ब्रिज बोर्ड संगणकाला सांगणार की सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. आकडा आठपट झाला आणि ३ टीबी एमबीआरमध्ये मावली. पण त्या डिस्कवरचं पार्टिशन लिहिलं गेलं ते ४०९६ च्या मापानं. तीच डिस्क थेट साटाला जोडली की संगणक ५१२ च्या मापानं मोजतो आणि भलत्याच जागी जाऊन शोधतो. तिथं काही सापडत नाही, म्हणून फॉरमॅट मागतो. माल जागच्या जागी असतो, मोजपट्टी बदललेली असते.

म्हणजे डेटा सरळ वाचायचा तर तोच जुना बोर्ड चालायला हवा होता. आम्ही डिस्क परत केसिंगमध्ये घातली आणि संशय अडॅप्टरवर धरला. नुसता मोजला तर मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट, अगदी सज्जन. डिस्क जोडून मोजला तर सुरू होताना आकडा १०.३ पर्यंत पडायचा. साडेतीन इंची डिस्कला थाळ्या वेगात आणताना पहिले काही सेकंद १२ व्होल्टच्या वाटेनं साधारण दोन अँपिअर लागतात, नंतर मागणी एकदम उतरते. डिस्कला १२ व्होल्टमध्ये दहा टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे १०.८ च्या खाली गेलं की ती मान टाकणारच. अडॅप्टरचे कपॅसिटर उन्हानं आणि वयानं थकले होते. भार न टाकता मोजलेला अडॅप्टर नेहमी निर्दोष सुटतो, हे माझं जुनं दुखणं आहे.

माझ्याकडचा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि डिस्क पहिल्या फटक्यात उठली.

त्याच दिवशी मामांनी ४ टीबीची नवी डिस्क आणली. ती संगणकाच्या आत जोडली आणि कॉपी लावली. यूएसबी २.० वरून सेकंदाला तीसेक एमबी, माल १.६ टीबी, म्हणजे पंधरा तासांचं काम. केसिंगचं झाकण काढून समोर टेबल फॅन ठेवला. विंडोजमधल्या साध्या कॉपी-पेस्टऐवजी रोबोकॉपी वापरलं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी झालेलं काम परत करायला नको. वीज दोनदा गेलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सगळं उतरलं, आणि मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही समोर ठेवलं.

## समोर कोणते पर्याय होते

आता हातात दोन डिस्क होत्या आणि जुन्या केसिंगवर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

नवं तयार केसिंग घेणं सगळ्यात सोपं. दोन हजारांच्या आसपास मिळालं असतं. माझं मत सुरुवातीला हेच होतं. भाच्याचा आक्षेप असा, की बाजारातलं बहुतेक केसिंग बंद प्लास्टिकचं, पंखा नाही, आणि आतला बोर्ड कोणता ते डब्यावर लिहिलेलं नसतं. पुन्हा ४०९६ चा खेळ करणारा बोर्ड निघाला तर? काही कंपन्यांच्या बाह्य डिस्कमध्ये तर ब्रिज बोर्डच डेटा कूटबद्ध करून लिहितो. पासवर्ड ठेवला नसला तरी बोर्ड जळाला की डिस्क दुसरीकडे सहजी वाचता येत नाही. आक्षेप रास्त होता.

नेटवर्कवर चालणारी दोन डिस्कांची तयार पेटी, म्हणजे नॅस, मामांनी किंमत ऐकूनच बाद केली. क्लाउडचा हिशोब भाच्यानं कागदावर केला. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर १.६ टीबी चढायला न थांबता साडेसात दिवस, आणि पुढे दर महिन्याचं भाडं. तेही बाद. या हिशोबात एक मोठी चूक होती. ती आमच्या लक्षात फार उशिरा आली, तिच्याकडे शेवटी येतो.

राहिला घरी पेटी बनवण्याचा पर्याय. बोर्ड आपण निवडायचा, थंडाव्याची सोय आपण करायची. खरं सांगायचं तर भाच्याला ते करायचंच होतं आणि बाकीची कारणं त्यानं नंतर गोळा केली. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, त्यानं मानही डोलावली. मामांनी मात्र अट घातली: "माझ्या डिस्कवर प्रयोग नको. आधी दुसऱ्या कशावर तरी चालवून दाखवा." माझ्या कपाटातून एक जुनी ५०० जीबीची डिस्क निघाली. पुढचे सगळे प्रयोग तिच्यावर झाले आणि ती अट किती शहाणपणाची होती हे पुढे कळलं.

दोन डिस्कांना एक पेटी की दोन, यावर एक संध्याकाळ गेली. भाच्याला एकच हवी होती, दिसायला छान. आतल्या आत दोन्ही डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतील, म्हणजे रेड १. मी विरोध केला. दोन्ही डिस्कांना वीज एकाच अडॅप्टरमधून जाणार आणि अडॅप्टर फिरला तर दोन्ही एकदम जाणार. शिवाय मामांनी चुकून एक फाइल पुसली की ती दोन्हीकडून त्याच सेकंदाला पुसली जाणार. शेवटी दोन वेगळ्या पेट्या ठरल्या, दोन अडॅप्टर, आणि एक पेटी कायम दुसऱ्या घरी.

## पेटी

साहित्यावर फार चर्चा झाली नाही. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिक कापून घेता आलं असतं, सुतार प्लायचा डबा देत होता. पण दोन्ही वस्तू उष्णता अडवतात. ॲल्युमिनियम ती ॲक्रिलिकच्या जवळपास हजारपट सहज वाहून नेतं. साडेतीन इंची डिस्क चालताना पाचसात वॉट उष्णता टाकते. बल्बच्या मानानं ती किरकोळ, पण बंद डब्यात आणि ३९ अंशांच्या खोलीत तेवढी पुरते.

एमआयडीसीत स्लायडिंग खिडक्या आणि पार्टिशन करणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडे चौकोनी पाइपचे कापून उरलेले तुकडे पडलेले, चार इंच बाय पावणेदोन इंचांचे. भाच्यानं डिस्क मोजली होती, रुंदी १०१.६ मिलीमीटर. म्हणजे बरोबर चार इंच. आनंदानं दोन फूट पाइप वजनावर घेऊन आला. घरी आल्यावर कळलं की पाइपचे चार इंच बाहेरून. आतून जागा ९७-९८ मिलीमीटर. डिस्क दारातच अडली.

त्यानं कानस काढली. पाइपची भिंत घासून पातळ करणार होता, की डिस्कची कड, हे मी विचारलं नाही. मामा वर आले, दोन्ही वस्तू हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "आत घालायचीच कशाला? बाहेरून धरा की." मागाच्या सांगाड्यात अँगल जसे उभे असतात तसं.

त्या एका वाक्यातून पेटीचा आकार आला. एक इंची अँगलचे दोन तुकडे डिस्कच्या दोन्ही बाजूंना तिच्याच स्क्रूच्या भोकांतून घट्ट बसवले. अँगलच पाय, अँगलच उष्णता खेचणारे. पातळ उष्णतावाहक पट्टी मध्ये घातली, म्हणजे धातू धातूला नीट टेकतो. वर भोकांचा पत्रा, मागे ब्रिज बोर्ड, पुढे ८० मिलीमीटरचा संगणकातला पंखा. तो १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालवला, त्यामुळे हवा थोडी पण आवाज जवळपास शून्य. पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. खाली सहा माग चालू असताना त्या घरात टेबलावरचं पाणीसुद्धा थरथरतं, आणि डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, थाळीपासून केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं.

स्क्रूंबद्दल एक गोष्ट, कारण इथं बरेच जण फसतात. साडेतीन इंची डिस्कला लागतो तो ६-३२ आट्यांचा स्क्रू. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो एम३, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचा. एम३ मोठ्या डिस्कच्या भोकात नुसताच हलत राहतो. योग्य स्क्रू जुन्या सीपीयूच्या कॅबिनेटमधून फुकट निघतात. आणि डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं, शेजारी बहुतेक वेळा ते झाकू नका अशी सूचना. आतली आणि बाहेरची हवा समतोल ठेवायला ते असतं. आमची उष्णतावाहक पट्टी पहिल्यांदा नेमकी त्याच्यावर येत होती.

पंख्याची दिशा आम्ही चुकवली. तोंड बाहेर करून लावला, म्हणजे गरम हवा बाहेर फेकेल. आठ दिवसांत आत कापसाचा थर. पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा पेटीच्या प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत शिरते, आणि त्या घरातली हवा म्हणजे अर्धा कापूसच. पंखा उलटा केला. आता हवा एकाच तोंडातून आत येते आणि फटींतून बाहेर जाते, म्हणून गाळणी त्या एकाच तोंडावर पुरते. आधी कूलरच्या फोमची गाळणी लावली. तंतू फोममध्ये घुसून बसायचे. मग मच्छरदाणीच्या जाळीचे दोन पदर लावले. तंतू जाळीच्या वरच अडकतात आणि हातानं पापुद्र्यासारखे निघतात.

## वीज

ब्रिज बोर्ड निवडताना आमची एकच कसोटी होती. बोर्डावर तयार केलेली डिस्क थेट साटाला जोडली तरी जशीच्या तशी उघडली पाहिजे, आणि उलटही. दोन बोर्ड मागवले, ५०० जीबीवर पार्टिशन केलं, दोन्हीकडे लावून पाहिलं. उघडली. ३ आणि ४ टीबीच्या डिस्कांवर मग जीपीटी पद्धतीचं पार्टिशन केलं, म्हणजे २.२ टीबीची भानगडच नको. डिस्कच्या तब्येतीचे स्मार्ट आकडे यूएसबीतून दिसतात का, हेही पाहिलं. काही स्वस्त बोर्ड ते पलीकडे जाऊच देत नाहीत.

पहिल्या पेटीत बोर्ड डिस्कपासून लांब ठेवून मध्ये अर्धा मीटर साटा वायर घड्या घालून कोंबली होती. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा आकडा दर कॉपीला वाढू लागला. तो वायरीत बिघडलेल्या निरोपांची मोजदाद करतो, डिस्कचा त्यात दोष नसतो. बोर्ड थेट डिस्कच्या तोंडात बसवला आणि आकडा तिथंच थांबला.

झिणझिण्यांचा किस्सा तसा छोटा. धातूच्या पेटीला हात लावला की बारीक झिणझिण. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये गोंगाट दाबायला एक कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह धातूपर्यंत येतो. संगणकाला नीट अर्थिंग असेल तर तो यूएसबी वायरीच्या कवचातून निघून जातो. इथं जात नव्हता. वायरमननं भिंतीचा बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती, नुसती वाकवून ठेवलेली. किती वर्षं, कुणास ठाऊक. पेटीमुळे घराचं एक दुखणं सापडलं.

मोठा अपघात ऑगस्टमध्ये झाला. दुसरी पेटी तयार होत आली होती, आत तीच ५०० जीबीची डिस्क. भाच्यानं टेबलाखालून चाचपडत एक पिन ओढली आणि पेटीत खोचली. ती लॅपटॉपची होती, १९ व्होल्टची. पेटीचं भोक ५.५ मिलीमीटरचं, आतली सळई २.१ ची. लॅपटॉपच्या पिनेचं आतलं भोक २.५ चं. थोडी सैल, पण बसते. टप्प असा आवाज, जळका वास, शांतता.

मामा खालून ओरडले, "काय उडवलास बे?"

ब्रिज बोर्ड जळाला होता. डिस्क मेल्यासारखी पडली होती, पण बऱ्याच डिस्कांच्या सर्किट बोर्डवर वीज येते तिथंच ५ आणि १२ व्होल्टच्या वाटांवर एकेक संरक्षक डायोड असतो. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढच्या चिपांना वाचवतो. मीटरनं पाहिलं, १२ च्या वाटेवरचा डायोड शॉर्ट. सोल्डरिंग गननं तो काढून टाकला आणि डिस्क फिरली. आता तिला कवच नाही, पुढच्या धक्क्याला ती जाणारच. म्हणून असल्या डिस्कवरून फक्त डेटा उतरवून घ्यायचा, पुन्हा नोकरीवर ठेवायचं नाही.

यानंतर दोन मतं पडली. भाचा म्हणाला, अडॅप्टरवर लाल चिकटपट्टी लावू आणि मोठ्या अक्षरात १२ लिहू. मी म्हणालो, टेबलाखाली अंधारात अक्षरं कोण वाचतं? भोकच काढून टाकू. दोन्ही पेट्यांच्या मागचं ते गोल भोक आम्ही बंद केलं, अडॅप्टरची वायर ग्लँडमधून, म्हणजे वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून, थेट आत नेली आणि कायमची सोल्डर केली. आता चुकीची पिन खोचायला जागाच नाही. अडॅप्टर खराब झाला तर पेटी उघडावी लागेल, एवढी किंमत आम्ही मान्य केली.

## निकाल

पुढच्या मे महिन्यात मोजमाप घेतलं. खोली ३९ अंशांवर, दोन तास सलग कॉपी. जुन्या प्लास्टिकच्या केसिंगमध्ये डिस्क ५८ पर्यंत जायची. सर्वसाधारण डिस्कांची मर्यादा ६० सांगतात, म्हणजे काठावरच. नव्या पेटीत ४६. गाळणी महिनाभर न झाडता मोजलं तेव्हा ५१.

कॉपीचा वेग मोठ्या फाइलींना दीडशे एमबीच्या घरात. गायब होणं बंद. स्मार्टमधला १९२ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वीज अचानक गेल्यानं हेड घाईनं मागे घ्यावं लागल्याची मोजणी, मात्र वाढतच होता. संगणक यूपीएसवर होता आणि पेटीचा अडॅप्टर शेजारच्या साध्या बोर्डात. हे लक्षात यायला आम्हाला वर्ष लागलं. अडॅप्टर यूपीएसवर नेला.

खर्चाचं विचाराल तर जळालेला बोर्ड आणि वाया गेलेला पाइप धरून एका पेटीला साधारण अठराशे रुपये पडले. शिवाय पाच-सहा रविवार. पैसा वाचला असं कुणी म्हणू नये.

## पुन्हा करायचं झालं तर

अडॅप्टर पहिल्याच दिवशी भाराखाली मोजला असता तर डिस्क केसिंगमधून काढायची वेळच आली नसती, आणि फॉरमॅटचा तो प्रसंगही टळला असता. पाइप बाहेरून मोजला की आतून, हे विचारायला दुकानात दहा सेकंद लागले असते. लॅपटॉपचा अडॅप्टर त्याच टेबलाखाली ठेवू दिला ही चूक माझीच. मी तो तिथं पाहिला होता.

पण माझ्या मते खरी चूक क्लाउडच्या हिशोबात होती. १.६ टीबी हा आकडा आम्ही तिघांनीही प्रश्न न विचारता धरला. पेट्या तयार झाल्यावर एका रविवारी मामा स्वतः फोल्डर लावायला बसले तेव्हा त्यात काय काय होतं ते बाहेर आलं. भाचीच्या लग्नाचं तीन कॅमेऱ्यांचं न कापलेलं चित्रीकरण. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे सात वर्षांचे व्हिडिओ. जुन्या ग्राफ पेपरांचे स्कॅन, एकेक चार-चार वेळा. माग चालवून दाखवलेली मोबाइलची रेकॉर्डिंगं. आणि जॅकार्डची डिझाइनं, ज्यांच्यावर घर चालतं, ती सगळी मिळून ३८ जीबी. स्कॅनांची एकेक चांगली प्रत धरली तरी साठच्या आत. २० एमबीपीएसवर ती सात तासांत चढली असती. पहिल्याच रात्री, जुनं केसिंग अजून धापा टाकत असताना. ती तिथं सुरक्षित गेली की मग पेटी महिन्यानं झाली काय, सहा महिन्यांनी झाली काय.

मी तेव्हा हे विचारलं नाही, कारण मला कुणी पेटीबद्दल विचारलं होतं आणि मी पेटीबद्दलच बोलत राहिलो.

आता साठ जीबी क्लाउडवर आहेत. त्याशिवाय एक पेनड्राइव्ह मामांच्या बहिणीकडे अक्कलकोटला, स्टीलच्या डब्यात. एक पेटी संगणकाशेजारी. दुसरी माझ्या घरी, तीन महिन्यांनी मामा स्कूटरवर येऊन नेतात, नवं भरतात, परत आणून देतात. त्या दिवशी ती पेटी चादरीत गुंडाळलेली असते, त्यांच्याच डिझाइनच्या. गाळणी झाडायचं काम भाच्यानं मामींवर ढकललंय. मामी दर रविवारी जाळीवरचा कापूस बोटानं गोळा करतात आणि तो दिव्याच्या वातींसाठी चालेल का, हे अजून ठरलेलं नाही.